सीटवरचा पेपर

गाडीचं मागचं दार उघडून मॅडमनी सीटवर पेपर पसरला. दोन पानं. एक बसायला, एक टेकायला. कडा हातानं दाबल्या. म्हणाल्या, "बस."

मी बसले.

हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून लोक मला शूर समजतात. तीन आठवडे मी त्या पेपरवर बसले. डिचोलीहून थेट पणजीपर्यंत. हललं की खरखर व्हायचं, म्हणून हलायची नाही.

आम्ही मायलेकी हरमलच्या. घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत. बाबा गेले तरी घराचे कागद आमच्या नावावर झालेच नव्हते. भाटकाराच्या मुलाला तिथं पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. आम्ही उठलो. गावात दुसरी खोली बघावी तर तीही पर्यटकाच्या दरानं. मला पणजीत कारकुनाची नोकरी होती, पण पणजीत राहायचं नावच नको. कुणीतरी म्हणालं, डिचोलीला बघ. खाणी बंद पडल्या तसे खाणीवरच्या साहेबांचे फ्लॅट रिकामे झाले होते. तिथं आता आमच्यासारखे, सकाळी पणजी-म्हापशाला पळणारे येऊन राहत होते. खिडकीच्या गजांवर अजून खाणीची लाल धूळ होती. आईनं ती दोन दिवस घासली. जन्मात पहिल्यांदा आमच्या दारासमोर भाटकाराचं खळं, त्याचं अंगण, नव्हतं.

मॅडम वरच्या मजल्यावर राहायच्या. माझ्याच कार्यालयात, माझ्याहून वरच्या हुद्द्यावर. पहिल्या आठवड्यात त्याच म्हणाल्या, "बसला कशाला लोंबकळतेस? मी जातेच आहे." पुढं त्यांच्या शेजारी बँकेतली सविता बसायची, बेळगावची. मागं मी. हसत-बोलत पणजी कधी यायची कळायचं नाही.

एका सकाळी मॅडमनी आरशातून माझ्याकडं बघत विचारलं, "हरमलला तुम्ही कुठल्या वाड्यावर?"

मी वस्तीचं नाव सांगितलं.

"आई काय करायची?"

"सुपं विणायची."

वाडा सांगितला, सुपं सांगितली. झालं. आम्ही महार, हे आता तोंडानं सांगायची गरज नव्हती. मॅडमनी गाण्याचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी पेपर.

मी स्वतःला समजावलं. सीट नवीन असेल. पावसाचे दिवस आहेत, चिखल लागत असेल. पण सविता भिजलेली छत्री घेऊन बसायची. तिच्याखाली काही नव्हतं.

एका संध्याकाळी घरी आले तर आई म्हणाली, "फाटीक काळां कितां लागलां?" पांढरा ड्रेस होता. घामानं पेपरची शाई पाठीवर उतरली होती. अक्षरं उलटी, पण वाचता येत होती. मी खरं ते सांगितलं. आई ड्रेस साबणाच्या पाण्यात बुडवत म्हणाली, "बसाक तरी दिता मगे? आमी खळ्यात उबींच रवतालीं."

आई माझं सांत्वन करत होती. ते मला पेपरपेक्षा जास्त लागलं. तिला उभं ठेवलं, मला पेपरवर बसवलं, आणि याला आम्ही दोघी पुढं जाणं म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पेपर काढला. मी तो त्यांच्या हातातून घेतला.

"हा कुणासाठी?"

"अगं, सीट कव्हर नवीन आहे."

"मग तुमच्या सीटवर का नाही?"

सविता मोबाईलमध्ये बघत राहिली. मग मॅडम अगदी मायेनं बोलल्या. "मनाला लावून घेऊ नकोस. सासूबाई या गाडीतून देवाला जातात ना."

मायेनं. अजून तो आवाज कानात आहे.

मी पेपर त्यांच्या हातात परत दिला. म्हटलं, "सासूबाईंना सांगा, मी तीन आठवडे बसलेय या गाडीत." आणि चालत बसस्टँडवर गेले. रडलेही. बसमध्ये कोपऱ्यात उभी राहून, कुणाला दिसू न देता. कार्यालयात पोचायला उशीर झाला. माझ्या नावापुढं लाल शेरा मॅडमनीच मारला.

पंधरा दिवसांत घरमालक दारात. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेर उभे. "तुम्ही आधी सांगूक जाय आसलें."

"काय सांगायला हवं होतं?"

"बिल्डिंगेंतल्या लोकांक बरें दिसना."

"करारावर माझं आडनाव पहिल्याच ओळीत आहे. तुम्ही वाचून सही केलीत."

"भांडण नाका. दुसरी जागा बघा."

"कारण लिहून द्या. खाली सही करा."

त्यांना वाटलं होतं मी हात जोडीन. इतक्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. भाटकारासमोर जन्मभर मान खाली घालून राहिलेली बाई. पदर सारखा केला, त्यांच्या डोळ्यांत बघितलं. म्हणाली, "आमी खंयच जावचीं नाय."

दार तिनंच लावलं. मग पाटावर बसली.

घरमालकानं अजून लिहून दिलेलं नाही. जिन्यात मॅडम भेटल्या तर भिंतीकडं तोंड करतात. सविता एकदा हळूच म्हणाली, "मला तेव्हा बोलायला हवं होतं." मी म्हटलं, "हो. हवं होतं." तिला माफ केलं नाही.

कारण लिहून दिलं तर तो कागद घेऊन मी पोलीस ठाण्यात जाणार. नाही दिलं तर इथंच राहणार. मी दोन्हीला तयार आहे.