सासऱ्याचा सत्कार

नवऱ्याच्या मारातून सुटलेल्या बायकांना बारामतीतलं एक मदत केंद्र ठेवून घेतं. इंदापूर तालुक्यातल्या एका गावाने तिथे टेम्पोभर भाजी आणली, त्या दिवशी मी बातमीसाठी गेलो होतो. केंद्राच्या ताईंनी रिवाजाप्रमाणे देणाऱ्यांना शाल-श्रीफळ दिलं. तेवढ्यात तिथे राहणारी एक तरुण बाई चहा घेऊन आली. तिला पाहून शाल पांघरलेला म्हातारा हसला.

"सूनबाई, हितं हाय व्हय तू? खा पोटभर. आपल्याच रानातली वांगी हायती."

टाळ्या चालूच होत्या.

संध्याकाळच्या आत तिला दुसऱ्या जिल्ह्यात हलवावं लागलं. निघताना ताईंनी बजावलं, "नवा पत्ता कुणालाही सांगू नकोस."

"ताई, ह्यो तरी म्या कुठं सांगितला व्हता?"