पुरावा मागणारे तोफमास्तर

“खोटं! साफ खोटं! पुरावा काय?” मणिकर्णिका घाटावर एका म्हातारीच्या अंगावर तोफमास्तर गरजले, आणि गंगेपलीकडे रामनगरात दोन हत्ती मटकन खाली बसले. नावा वल्हवणारे मल्लाह आजही शपथेवर सांगतात.

मास्तर आम्हाला कॉलेजात साहित्य आणि इतिहास शिकवत. दोन्ही एकाच आवाजात. “हे कशाला शिकायचं? बी.ए. होऊन साहेबाच्या फायली वाहायला? छट्! थाप ओळखता यावी म्हणून!” पंगतीत कुणी “साजूक तूप” म्हणालं, की पानावर हात आडवा धरून विचारत, “पुरावा?” मंगला गौरीच्या गल्लीत एका नवरदेवाला तर, बाप कोण हे सिद्ध करेपर्यंत, अक्षतांसाठी ताटकळावं लागलं होतं. आम्ही पोरं त्यांच्यावर फिदा. घरी आजीच्या एकादशीलाही पुरावा मागायचो.

त्या दिवशी मास्तर आम्हाला घाटांचा इतिहास दाखवायला घेऊन आले होते. वाईकडून यात्रेला आलेली ती म्हातारी एका चिरलेल्या पायरीवर फुलं वाहत होती. “मी तान्ही असताना आई काशीत गेली. इथंच अग्नी दिला तिला. बाबांनी खूण सांगून ठेवली होती, चिरलेली पायरी,” ती शेजारणीला सांगत होती. मास्तरांनी ऐकलं, आणि तोफ डागली. “अहो आजी, गेल्या पुरानंतर बसवलीय ही पायरी! जुनी कधीच गंगेत गेली!”

आम्ही खदाखदा हसलो. म्हातारीनं एकेक फूल उचलून ओच्यात घेतलं.

“मग कुठं वाहू, बाबा?”

 

ती म्हातारी ज्या भिक्षुकांच्या घरी उतरली होती, तिकडे संध्याकाळी अख्खं बनारस हादरवणारे मास्तर निघाले. मागून आम्ही, माना खाली घालून. वाटेत ते इतकं हळू बोलले, की दुसरंच कुणी बोलतंय असं वाटलं. “दगडाचं वय कळलं रे मला. फुलं वाहताना ती कुणाशी बोलत होती, ते नाही कळलं. मग इतकी वर्षं तुम्हाला शिकवलं तरी काय मी?”

ओसरीवर ती वाती वळत होती. मास्तरांनी हात जोडले. “आजी, चुकलो. उद्या माझ्याबरोबर चला. त्याच पायरीवर वाहू फुलं.”

तिनं वर पाहिलं नाही.

“नको. तुम्ही शिकलेली माणसं. तुमचंच खरं असेल.”