मागच्या अ‍ॅक्सलवरची तार

रविवार, दोन फेब्रुवारी. ब्रेकच्या कामाचे ठरलेले पैसे सहा हजार आठशे, पाईप आणि ऑइल धरून. हजर तिघे: मी, मेकॅनिक आणि शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलेली आई.

गाडी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. एकतीस वर्षं ती घरामागच्या शेडमध्ये उभी होती. संक्रांतीला आई म्हणाली, "एकदा तिच्यातनं मला नंजनगूडला देवाला ने. अठ्ठ्याहत्तर झाली मला, अजून किती थांबू?" नाही म्हणायला माझ्याकडे कारण होतं, पण ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

अप्पा शिंपी. मुलांच्या कपड्यांत ते वाढीसाठी दोन बोटं जास्त कापड आत दुमडून ठेवायचे. गाडीतही त्यांचं तसंच. सांगाड्यावरून मागच्या अ‍ॅक्सलवर ब्रेकची रबरी नळी उतरते, ती त्यांनी मुद्दाम सैल ठेवून घेतली होती. अ‍ॅक्सल खालीवर होतो, नळीला हलायला जागा हवी. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, सगळं सरळ रेषेत लावणारा. गाडी धुताना लोंबणारी नळी मला गबाळी वाटली. कुणाला न विचारता ती अ‍ॅक्सलला तारेनं घट्ट बांधून टाकली.

पाच महिन्यांनी येलवालहून परत येताना, हिनकलच्या अलीकडे, अप्पांचं ब्रेकचं पेडल पायाखालच्या फळीपर्यंत गेलं आणि गाडी झाडावर आदळली. मी मागे बसलो होतो. मला ओरखडासुद्धा आला नाही. पुढे बसलेल्या आईचा डावा गुडघा गेला. तेव्हापासून घरात तिचं एक पाऊल पडतं आणि दुसरं ओढलं जातं. न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंत सतरा पावलं. मी न ठरवता मोजतो. परगावी गेलो तरी पहाटे तो आवाज ऐकू येतो.

अप्पांनी सगळ्यांना सांगितलं, "माझा पाय घसरला." मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "मशीनचं पेडल मारणाऱ्यानं गाडीचं पेडल कशाला मारावं?" सगळे हसले. अप्पाही हसले. गाडी त्यांनी दुरुस्त करून आणली, शेडमध्ये लावली आणि पुन्हा कधी चालवली नाही.

त्या रविवारी मेकॅनिकनं गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली. मीही टॉर्च घेऊन खाली सरकलो. अ‍ॅक्सलवरून दोन्ही चाकांकडे जाणारे पाईप गंजले होते. त्यांना धरणाऱ्या क्लिपा नव्हत्याच. त्यांच्या जागी जाड कॅनव्हासच्या पट्ट्या होत्या, मेणाच्या दोऱ्यानं शिवलेल्या. चार टाके, मग दोऱ्याला वेढे, कोटाचं बटण लावतात तसे. रबरी नळी सैल होती. आणि अ‍ॅक्सलवर, जिथं मी तार आवळली होती, तिथं गंजाची बारीक वर्तुळं. पट्टी सरळ लावली असती तर त्या खुणेवरच बसली असती. अप्पांनी ती दोन बोटं बाजूला शिवली होती.

"सर, हे कुणी शिवलं?" मेकॅनिक कन्नडमध्ये म्हणाला. "ओढून निघेना. पण ब्रेकला कापड चालत नाही. मी क्लिपा लावतो."

मी बाहेर आलो. आईनं विचारलं, "काय दिसलं रे?"

"आई, ती नळी तारेनं मी बांधली होती. तारेनं रबर कापलं. अप्पांचा पाय घसरला नव्हता."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"मी दवाखान्यात होते तेव्हापासून. अप्पा गाडीखाली शिरले ते तार घेऊनच बाहेर आले. मला आणून दाखवली."

"मग मला विचारलं का नाही?"

"मी म्हटलं, विचारा. तर म्हणाले, बेडा, नको. पोरगा हिशोबाला चोख आहे, आपण होऊन सांगेल." ती पदरानं गुडघा झाकत होती. "वाट बघितली त्यांनी. तू रोज त्यांच्याजवळ बसायचास, अल्वा, हो ना? तू उठून गेलास की मला म्हणायचे, आज नाही बोलला."

अप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे बावीस वर्षं वाट बघितली.

"अय्यो, रडतोस काय सुम्ने, उगाच? त्या मेकॅनिकला कॉफी तरी दे."

नवे पाईप त्यानं जुन्यांवर धरून वाकवले, दर वितीला क्लिप मारली. नळीची ढील मी तीनदा तपासली, अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडून आणि पूर्ण वर उचलून. पट्ट्या चार निघाल्या. आईनं त्या मागून घेतल्या.

पुढच्या रविवारी आम्ही नंजनगूडला जाऊन आलो. जाताना ती पुढे बसली, त्याच जागेवर. पहिल्या उतारावर मी ब्रेक दाबला तेव्हा तिनंही डावा पाय फळीवर दाबला, सगळ्या अंगानं. गाडी थांबली. तिचा पाय मात्र बराच वेळ तसाच होता.

संध्याकाळी मेकॅनिकला सहा हजार आठशे रोख दिले. अप्पांना द्यायची होती ती कबुली आईला देऊन झाली होती, पण त्यांना ती पोचली असं मला अजून वाटत नाही. घरात सतरा पावलं ऐकू आली.