दिनविशेषाची तिसरी ओळ

कारेगावातल्या आमच्या कारखान्याच्या गेटवर एक वयस्कर वॉचमन आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी आत टाइम ऑफिसात हजेरी बघतो, पण गेटवरच्या फळ्याचे मालक तेच. रोज सकाळी ते कॅलेंडरचं पान फाडतात आणि त्यावरचा दिनविशेष खडूनं फळ्यावर उतरवतात. कुणा राजाचा राज्याभिषेक, कुठल्या तरी युद्धाचा शेवट. दोनच ओळी. मग चार पावलं मागं जाऊन, मान तिरकी करून बघतात आणि येणाऱ्याला अडवतात, "वाचलं का? वाचल्याबिगर आत जायाचं न्हाई."

गेल्या आठवड्यात फळ्यावर तिसरी ओळ दिसली. 'मागल्या वर्षी आजच्या दिवशी आपल्या प्रेस शॉपमध्ये एका कामगाराची तीन बोटं गेली.'

मॅनेजरसाहेबांनी ती पुसायला मला पाठवलं.

"मामा, हा कसला दिनविशेष?"

"त्येच्या घरी जाऊन इचारा की."

मी डस्टर फिरवलं. राजा गेला, युद्ध गेलं. तिसरी ओळ तशीच राहिली.

"तेवढी वल्या खडूनं लिवलीय, साहेब. पानी लावल्याबिगर जायाची न्हाई."

"मग पाणी द्या."

"न्हाई पानी."

त्यांच्या टेबलावर भरलेली बाटली होती. ती मला दिसतेय, हे त्यांनाही दिसत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले, मान तिरकी करून.

मी डस्टर खाली ठेवलं आणि आत जाऊन साहेबांना सांगितलं, "गेटवर पाणी नाही."