काडीपेटी गेटवर ठेवा

आमच्या कार्यालयाच्या छतातून अजून कापूस पडतो. इंग्रजांच्या काळापासून इथे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचं काम चालायचं. मग बरीच वर्षं कुलूप होतं. मग माझे यजमान सुधाकर यांनी त्याचं मंगल कार्यालय केलं. तीनदा धुतलं, रंगवलं, तरी सागवानी तुळयांच्या सांध्यांतून पांढरं तूस निघतंच. किस्स्यांचंही तसंच. सगळे सांगून झाले म्हणावं, तर पुढच्या लग्नात एखादा नवा खाली येतो.

शेगावकडच्या एका लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना नेमकं नवरीच्या अंबाड्यावर तूस पडलं. फोटोग्राफर खूश. मला म्हणाला, "मॅडम, मशीन कुठं लावलंय? अजून एकदा सोडा ना!"

मी हसले. पण मला हसू येत नाही, भीती वाटते. वायरिंग नवीन आहे, प्रत्येक खांबाला आग विझवायचं लाल नळकांडं आहे. तरी कापूस तो कापूस. सुधाकर होते तोवर भीतीचं काम नव्हतं, ते म्हणायचे, काही होत नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून अक्षता टाकताना सगळे नवरा-नवरीकडे बघतात आणि मी तुळयांकडे बघते.

* * *

गेटवर वामनबापू असतात. जिनिंगमध्येही तेच गेटवर होते. तेव्हाचा नियम असा, की आत येणाऱ्यानं बिडी, काडीपेटी, सगळं गेटवर पत्र्याच्या डब्यात ठेवायचं आणि सुटी झाली की न्यायचं. जिनिंग बंद पडलं. नियम बंद झाल्याचं बापूंना कुणी सांगितलं नाही.

त्यामुळे आमच्याकडे वऱ्हाड्यांच्या अंगावर अत्तर नंतर पडतं, आधी बापूंचा हात पुढे येतो. "काडीपेटी, लायटर इथं. जातानी घेऊन जा."

एका नवरदेवाचे मामा मोठे साहेब होते. त्यांना तो अपमान वाटला. मी कोण आहे, हे माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. बापू शांतपणे म्हणाले, "कोनीबी असा. कापसाले ओळख समजत नाही."

सुधाकरांनाही सूट नव्हती. ते सिगारेट ओढायचे. रोज सकाळी लायटर डब्यात टाकायचे, संध्याकाळी घेऊन घरी यायचे. एका सकाळी मात्र त्यांना इथूनच गाडीत आडवं घालून दवाखान्यात नेलं. लायटर डब्यात राहिला. मी मागितला नाही. बापूंनी दिला नाही.

* * *

नागपूरहून एक डेकोरेशनवाला पोरगा आला होता. नवरा-नवरी चालत येताना दोन्ही बाजूंनी ठिणग्यांची कारंजी उडवणार होता. मी नको म्हणाले. तो समजावत होता की मॅडम, ही थंड आग असते, हिनं कागदसुद्धा पेटत नाही.

बापू मागे उभे होते. "थंडी आग हाये ना? मंग पेटव अन् तुह्या खिशात ठेऊन दाखव."

त्या लग्नात फुगे उडवले.

* * *

मोताळ्याच्या एका शिक्षकाचं बौद्ध पद्धतीचं लग्न होतं. प्रतिमांसमोर मेणबत्त्या लावायच्या होत्या. त्याला नाही कसं म्हणणार? बापूंनी स्वतः काडी ओढली, आणि मग वाळूची बादली घेऊन टेबलाला खेटून उभे राहिले, शेवटपर्यंत.

महिन्याभरानं तो शिक्षक अल्बम दाखवायला आला. वंदना घेताना, हार घालताना, आई रडताना, प्रत्येक फोटोत एका बाजूला बापू आणि बादली. मी माफी मागू लागले. तो म्हणाला, "राहू द्या मॅडम. सगळ्यात शिस्तीत तेच उभे आहेत."

* * *

आवारात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. जिनिंगमध्ये पाळी बदलली की त्यावर तीन ठोके पडायचे. न थांबता वाजला तर आग.

एका नवरदेवाच्या दोस्तांना रील करायचं होतं. त्यांनी हातोडा घेतला आणि नाचत नाचत तो रूळ बडवला.

चार-पाच मिनिटांत मागच्या वस्तीतून पाच म्हातारे धावत आले. जिनिंगचे जुने कामगार. चौघांच्या हातात बादल्या, एकाच्या खांद्यावर ओलं पोतं. धापा टाकत ते डीजेसमोर उभे राहिले. पोतंवाल्यानं विचारलं, "आग कुठी हाये?" कुठेच नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "मंग वाजवलं काऊन?"

डीजे आपोआप बंद झाला.

त्यांना पंगतीत बसवलं. बादल्या जवळ ठेवूनच ते जेवले. हात धुताना तोच म्हातारा मला हळूच म्हणाला, "पह्यले आमी चाळीस जन धावत होतो वयनी. खरी लागली तं आता पाचात काय होईन?"

हे विचारायला नको होतं त्यानं.

* * *

त्यानंतरच माझ्या हातून ते झालं. सुलतानपूरच्या पार्टीचं लग्न होतं. अंतरपाट धरलेला, आणि मला जळल्याचा वास आला. मी भटजींच्या हातातला माइक ओढून घेतला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. सगळं वऱ्हाड मे महिन्याच्या उन्हात, नवरी शालूसकट.

आचाऱ्याची वांग्याची भाजी बुडाला लागली होती.

मुहूर्त टळला. मी नवरीच्या आजीचे पाय धरले. तिनं मला उठवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "आगीले नाही भेली तू, बाई. काही दुसरंच हाये."

त्या आठवड्यात मी ठरवलं, कार्यालय बंद करायचं. माझी मुलगी मुक्ता हिला सांगितलं. तिचं लग्न ठरलेलं होतं. ती म्हणाली, बंद कर, पण माझं लग्न झाल्यावर. "बाबांनी केलंय ते. दुसऱ्या हॉलमध्ये मी उभी राहणार नाही."

* * *

मुक्ताचं लग्न सकाळच्या मुहूर्तावर होतं. कन्यादानाला दीर-जाऊ बसणार होते. मी खांबाशी उभी राहिले, सवयीनं, मान वर करून. मंगलाष्टकं सुरू झाली तरी मान खाली येईना. प्रत्येक तुळईवर मला धूर दिसत होता.

बापू शेजारी येऊन उभे राहिले. विस्तवाचं काम नसताना गेट सोडून आत आलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तुमी पोरीकडे पाहा, वयनी. वरतं मी पाहतो."

त्यांनी मान वर केली. मी खाली केली. मुक्ता माझ्याकडेच बघत होती.

मग होमाची वेळ झाली. भटजींची काडीपेटी अर्थातच गेटवर होती. नेहमी बापू एक काडी आणतात, पेटवतात आणि बादली घेऊन उभे राहतात. त्या दिवशी त्यांनी काडी आणली नाही. सदऱ्याच्या खिशातून सुधाकरांचा लायटर काढला आणि माझ्यापुढे धरला.

सीझनचा पहिला बॉयलर मालकाच्या हातानं पेटायचा, अशी जिनिंगची रीत होती. मला ती माहीत होती. माझ्या नणंदेला नव्हती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, तिनं कशाला? शुभकार्य आहे."

बापूंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मंग मालक कोन हाये इथं?" एवढंच म्हणाले.

मी लायटर घेतला. भटजींनी कापराची वडी समिधांवर ठेवली आणि थोडे मागे सरकले. मुक्तानं माझं मनगट धरलं. दोन वर्षं डब्यात पडलेला लायटर. पहिल्याच फटक्यात पेटला.

कापरानं पेट घेतला, मग समिधांनी. मी ज्योतीकडे बघत राहिले. वर पाहिलं नाही.

लायटर माझ्या मुठीत तसाच होता. अजून गरम. बापूंनी हात पुढे केला.

"अंदर ठेवता येत नाही, वयनी. गेटवर देतो. जातानी घेऊन जा."