तात्यांची मूठ

ऐकाच राव. ही फजिती चाळीतले लोक सांगतात तेव्हा तिखटमीठ फार घालतात, म्हणून मीच सांगतो.

मागच्या पावसाळ्यात माझा दादा गेला. त्याच्याबद्दल अजून मला नीट बोलता येत नाही, म्हणून पुढं जातो. त्या धक्क्यानं तात्यांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सुधारला, हात मात्र तसाच. आणि तात्यांचा हट्ट एकच, स्वतःच्या हातानं जेवायचं. आई घास पुढं करायची, तात्या तोंड फिरवायचे. माणूस निम्मा झाला होता.

पिंपरीच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं, "बोटं सावकाश उघडायची, हात टेबलावर पसरून ठेवायचा. जोर लावायचा नाही."

जोर लावायचा नाही? अहो, मी कारखान्यात फिटरच्या हाताखाली. आमच्याकडं काहीही ढिलं पडलं की आवळायचं, एवढंच शास्त्र. सातवीतून पळालेल्या माणसाला तेवढं पुरतं. मी तात्यांच्या हातात रबरी चेंडू दिला. "दाबा तात्या. अजून दाबा."

आणि पकड आली की! थोड्याच दिवसांत मूठ अशी वळली, की चेंडू लवकर बाहेर निघेना. चाळ बघायला जमली. शेजारचे पवारकाका म्हणाले, "भावा, डॉक्टरच झालास."

"डॉक्टरांना हातकाम कुठं येतं काका?" मी म्हणालो.

मग तात्यांना घेऊन टेचात दवाखान्यात गेलो. "बाई, बघा आता. तात्या, धरा माझी कॉलर." वाकलो आणि कॉलर त्यांच्या मुठीत दिली. काय पकड होती म्हणता!

"शाबास. सोडा आता," मी म्हणालो.

तात्या सोडेनात.

"तात्या, सोडा की."

"सुटंना रं."

मी हिसका दिला. मूठ आणखी आवळली. दुसरा हिसका दिला, तर वरचं बटण उडालं. बाकावरची एक म्हातारी शेजारणीला विचारते, "काय चोरलं गं ह्यानं?"

बाई धावत आल्या. "ओढू नका. झटका दिला की स्नायू उलट घट्ट होतो." त्यांनी तात्यांचं मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवलं. बोटं आपोआप सैल पडली. मी मान चोळत उभा राहिलो.

"पकड यांच्याकडं होतीच," बाई म्हणाल्या, "सोडणं गेलं होतं. घास धरला आणि सुटलाच नाही, तर तोंडात काय जाणार? मूठ?"

"मग मी काय करू?"

"काही करू नका. हे वाटी धरतील, हेच सोडतील. तुम्ही शेजारी नुसतं बसायचं."

तात्यांची जीभ तेव्हा जड होती. एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "बाई, हे कागदावर लिहून द्या. माझं ऐकत न्हाई ह्यो."

आणि हसले. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. मला रडू येतंय की हसू, तेच कळेना. बाईंनी औषधाच्या जागी खरंच लिहिलं, 'मुलाने हात लावू नये.'

आता तात्या स्वतःच्या हातानं जेवतात. निम्मं सांडतं. पण मी जरा मदतीला वाकलो, की ताटाशेजारची ती चिठ्ठी उचलून माझ्या नाकासमोर धरतात. उजव्या हातानं.