मेरेवरची खुरासणी

मी मधात गूळ घातला, असं संस्थानच्या कोठीच्या वहीत अजून लिहिलेलं आहे. मी घातला नव्हता. भाव पाडून घेतले, तराजूवरून भांडलो, पण भेसळ कधी केली नाही.

जामसर गावच्या उतारावर खुरासणी, म्हणजे कारळं, फुलून पिवळी होऊन गेली की तिथली माणसं पोळी काढत आणि मध मला विकत; मी तो कोठीला पुरवत असे. थंडीत तो तुपासारखा रवाळ होऊन बसे. कोठीचा कारकून त्यावरूनच अस्सल ओळखी. एका वर्षी मध बसलाच नाही. काळपट, पातळ राहिला. कारकुनानं धार धरून पाहिली आणि चार लोकांदेखत विचारलं, "शेट, गूळ कुठला वापरलात?" त्या दिवसापासून राजवाड्यात माझा मध बंद, आणि जव्हारच्या बाजारातही.

मी तणतणत जामसरला गेलो. जिच्याकडून सर्वांत जास्त मध घेत असे, त्या म्हातारीवर ओरडलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "फूल येऊ दे, मग ये. माशीलाच विचार."

पुढच्या फुलोऱ्याला गेलो. शेतात गेल्या वर्षीपासून कोठीनं दिलेलं मोठ्या दाण्याचं खुरासणीचं बियाणं होतं. संस्थानच्या बैलांना पेंड जास्त मिळावी म्हणून ते आलं होतं, आणि ते पेरा म्हणून गावोगाव गळ मीच घातली होती. पण घरचं बियाणं तुटू द्यायचं नाही, अशी तिथली रीत. म्हातारीनं शेताच्या कडेच्या बांधावर, मेरेवर, जुनं पेरलं होतं. साऱ्या माश्या त्या मेरेवर गुंग. शेतातल्या मोठ्या फुलांवर बसत आणि लगेच उठत.

"फूल मोठं, पण आत गोड नाय," ती म्हणाली. "मग माशी रानात जाते. तुझा मध रानचा होता, तो बसत नाय."

दुसऱ्या दिवशी मी कारकुनाला बैलगाडीत घालून आणलं. तो मेरेवरून फिरून माश्या बघून आला. खरं आहे, असं पुटपुटला. मी म्हटलं, मग वहीतला गूळ हा शब्द खोडा.

"बियाणं कोठीचं होतं," तो म्हणाला. "ते कोठीच्याच वहीत मी लिहू?"

आणि निघताना त्यानं म्हातारीला सांगून ठेवलं, जुन्या बियाण्यातल्या दोन मुठी आपल्या वाडीसाठी राखायला. कुंपणाला पोळी लागतात म्हणे.

त्याच्या घरचा मध आता थंडीत छान बसतो. वहीतला गूळ तसाच आहे.